दुसरो माड दिसणा नाय

ही गोष्ट खरी आहे. आमच्या घरात कोणी खोटं बोलत नाही असं नाही, पण जे बोलतात त्यांना ही गोष्ट सांगायला देत नाहीत.

साल १९६३, मार्गशीर्ष महिना. जागा मालवणची, बंदराजवळ मच्छीमार सोसायटीची कौलारू खोली. आणि वेळ... दुपारची. पेज जेवून सगळं मालवण आडवं होतं तेव्हाची. भुतांनी रात्री यायचं असतं, हे या भुताला कोणी सांगितलं नव्हतं.

ज्यांच्या बाबतीत हे घडलं ते परशुराम म्हणजे माझे चुलत आजोबा. पण तेव्हा ते ऐन पंचविशीत होते, आजोबा व्हायला बराच अवकाश होता, म्हणून इथे नुसतं परशुराम म्हणतो.

परशुराम सोसायटीच्या वायरलेस मशीनवर बसायचा. त्याचा थोरला भाऊ गंगाराम सोसायटीच्या लाँचवर तांडेल होता. लाँच त्याच्या शब्दावर चालायची.

मशिनं दोन. किनाऱ्यावरचं मुंबईहून आणलेलं, विलायती. लाँचवरचं गोव्यातलं, कुठल्याशा जुन्या पोर्तुगीज बोटीवरून उतरवलेलं. दोन्ही मशिनं उत्तम होती. फक्त एकमेकांशी बोलत नव्हती. आमच्या भावकीत अशी उदाहरणं बरीच असल्यामुळे कोणाला विशेष वाटलं नाही.

तसं आणली त्या दिवशी हार घालून ती तपासली होती. सोसायटीच्याच खोलीत, एक या कोपऱ्यात, एक त्या कोपऱ्यात. चेअरमन हरिश्चंद्रभाई एकात तोंड घालून ओरडले, "गंगाराम, आयकतंस?"

"आयकतंय!" दुसऱ्या कोपऱ्यातून गंगाराम.

टाळ्या. पेढे.

खोली दहा हातांची. मशीन बंद असतं तरी ऐकू आलं असतं. पण पेढे वाटून झाल्यावर असले विचार कोण करतो?

लाँच समुद्रात गेली, आणि मशीनमधून आली ती नुसती खरखर.

मुंबईच्या दुकानदाराला कळवलं. त्याचं उत्तर आलं: मशीनमध्ये काडेपेटीएवढी एक डबी असते, तिच्यात स्फटिकाची चकती. ज्या सुराची चकती, त्याच सुरात मशीन बोलतं आणि ऐकतं. तुमच्या दोन मशिनांचे सूर वेगळे आहेत. जुळणारी चकती पाठवतो.

तोवर मशीनवर बोलायची रीत तरी शिकून घ्यावी, म्हणून दोघे भाऊ ती घोकत बसायचे. आपलं बोलून झालं की 'ओव्हर' म्हणायचं. म्हणजे आता पाळी समोरच्याची. बोलणं कायमचं संपलं की 'आउट'. जपानी असो नाहीतर पोर्तुगीज, जगभर हेच.

गंगारामला हे भारी आवडलं. घरी जेवायला बसला की बायकोला सांगायचा, "शेवंती, भात वाढ. ओव्हर."

"भात संपलो. आउट," शेवंती म्हणायची, आणि तरी वाढायची.

चकती यायच्या आधी वादळ आलं.

मालवणच्या बंदरात शिरायचं तर पाण्याखाली खडक आहेत. नजरेची खूण धरून यावं लागतं. गंगारामची खूण दोन माडांची. पहिला पुळणीवरचा. दुसरा त्याच्या मागचा, उंच, गंगारामच्या स्वतःच्या घरामागच्या परड्यातला. दोन्ही एका रेषेत आले की लाँचचं नाक सरळ ठेवायचं. घरी आलात.

त्या दुपारी लाँच घरी आली नाही.

खलाशी बाबली एका फळीला चिकटून तारकर्लीच्या वाळूत सापडला. शुद्धीवर आल्यावर तो एवढंच सांगत राहिला, "आमी म्हणतंव उडी मार, उडी मार. तांडेल मशीन सोडूक तयार नाय. म्हणता, परशो थंय बसलोहा. तो जवाब दितलोच."

परशुराम खरोखर तिथे बसला होता. दुपारभर. खरखर ऐकत.

गंगाराम सापडला नाही.

जाणत्यांनी क्रियाकर्माचं काढलं. शेवंती म्हणाली, "माणूस दाखवा, मगे कुंकू पुसतंय." कोणाकडेच दाखवायला काही नव्हतं. त्याच वादळात परड्यातला माड मुळासकट आडवा झाला होता. तिने त्याचं खोड दारासमोर ओढवून घेतलं आणि त्यावर बसून समुद्राकडे बघू लागली.

महिना गेला. सोसायटीने नवी लाँच घ्यायचं ठरवलं. पडलेल्या माडाच्या जागी चुन्याने रंगवलेला पांढरा खांब रोवला, नव्या तांडेलाला खूण म्हणून. परशुराम रोज दुपारी मशीन लावून बसायचा. का बसतो हे त्याला कोणी विचारलं नाही. विचारण्यासारखं नव्हतंच.

अशाच एका दुपारी... खरखर थांबली.

कमी झाली नाही. थांबली.

बाहेर कावळा ओरडत होता, तोही गप्प झाला.

आणि मशीनमधून...

"दुसरो माड दिसणा नाय... खंयसून भितर येव? परशा... ओव्हर."

परशुरामच्या हातातला चहा मांडीवर सांडला. गरम होता. त्याला ते संध्याकाळी कळलं.

त्याने माइक ओढला. "दादा! आयकतंय! मी आयकतंय! खंय आसस तू? ओव्हर!"

मशीन गप्प.

मग तोच आवाज. दमलेला. "परशा, आयकतंस मां? दुसरो माड दिसणा नाय... ओव्हर."

हा त्याला ऐकत होता. तो याला ऐकत नव्हता.

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशीही. परशुराम कोणाला काही बोलला नव्हता, पण मालवणात न बोललेली गोष्ट लवकर पसरते. आठवड्याभरात खोलीच्या दारात गर्दी. बाबलीने एकदाच ऐकलं. "ह्याच. ह्याच बोला होतो तो."

शेवंती रोज यायची. मशीनसमोर खाली बसायची. आवाज आला की पदर घट्ट धरायची, आवाज गेला की उठून घरी जायची. त्या खोडावर बसायला.

हरिश्चंद्रभाईंची चिंता वेगळी. "मशीनचां लायसन एका लाँचीचां. ती लाँच बुडली. मगे हो बोलता तो खंयच्या लायसनार?"

त्यांनी मुंबईला पुन्हा कळवलं. मशीन चालत नाही ही तक्रार आधी केली होती. आता चालतंय ही तक्रार केली.

शेवटी दुकानदाराने माणूस पाठवला. चकती घेऊन साहेब आला, एस्टीच्या खिडकीतून डोकं बाहेर काढून फोंडाघाट उतरलेला. त्याने मशीन उघडलं, आत बघितलं आणि हसला.

"लाँचवरच्या मशीनचा आवाज हे पकडूच शकत नाही. शास्त्रात बसत नाही."

खरखर थांबली.

"परशा... दुसरो माड दिसणा नाय... खंयसून भितर येव? ओव्हर."

साहेबाने स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला आणि पाणी मागितलं.

पाणी पिऊन झाल्यावर तो बराच वेळ बोलत राहिला. न बोललं तर पुन्हा तो आवाज येईल या धास्तीने बोलतात तसा. जिनिव्हाला म्हणे सगळ्या देशांची माणसं बसतात. कोणी कुठल्या सुरात बोलायचं, बुडणाऱ्या जहाजाने कुठल्या सुरात हाक मारायची, सगळं ठरवतात. म्हणून कुठल्याही जहाजाची हाक कुठल्याही जहाजाला ऐकू जाते.

"आणि बुडालेल्याची?" शेवंतीने विचारलं.

साहेबाने खिशातून नवी डबी काढली. "त्यांच्यासाठी... कोणी काही ठरवलेलं नाही, बाई."

मग त्याने तळहातावरची डबी दाखवली. "ही बसवली की तुमचा आवाज त्या लाँचच्या सुरात जाईल."

"आणि दादाचो?" परशुराम.

"नियमाप्रमाणे तोही यायला हवा. पण नियमाप्रमाणे तो आताही यायला नको होता. डबीला जागा एकच आहे. ही घातली की आताची काढावी लागेल."

परशुरामला कळलं. आता ऐकता येत होतं, सांगता येत नव्हतं. डबी बदलली तर सांगता येईल... पण ऐकू येणं कदाचित संपेल. आणि बदलावी तर लागणारच होती. नवी लाँच त्याच सुराचं मशीन घेऊन आठवड्यात पाण्यात उतरणार होती आणि तिच्यावर बाबली जाणार होता.

त्याने शेवंतीकडे बघितलं. "वयनी, तू सांग."

"बसवा," ती म्हणाली. "केदवांपासून ते विचारतहत. कोणी तरी जवाब दिवक होयो."

साहेबाने डबी बदलली. खरखरीचा सूर बदलला. शेवंतीने माइक हातात घेतला.

"आधी नाव घेवचा लागता, वयनी," परशुराम हळूच म्हणाला. "तशी रीत आसा."

तिने उभ्या जन्मात नवऱ्याचं नाव घेतलं नव्हतं. घेतलं नाही.

"आयकतास मां?" ती म्हणाली. "मी आसंय."

हरिश्चंद्रभाई दारातून कुजबुजले, "शेवंती, पांढऱ्या खांबाचां सांगू नको हां! नवी खूण सांगलंस तर तो येतलो!"

खोलीतल्या कोणीच त्यांना गप्प केलं नाही. सगळ्यांच्या मनात तेच होतं. परशुरामच्यासुद्धा.

शेवंतीने दाराकडे बघितलं. दारातून तिला तो खांब दिसत होता. उन्हात चमकत होता. सांगायला दोन शब्द पुरले असते.

"दुसरो माड पडलो," ती म्हणाली. "त्याच दिसा पडलो. तुमका दिसात कसो? मी त्याच माडार बसान तुमची वाट बघतंय."

खरखर.

"तुमची काय एक चूक नाय. भावोजींचीय नाय. ते बसलेले हंय."

परशुरामने तोंड फिरवलं.

"आता शोधू नकात. दमलात तुमी. आसात थंयच नांगर टाका... आणि निजा. ओव्हर."

तिने माइक खाली ठेवला.

"वयनी," परशुराम म्हणाला, "शेवटाक आउट म्हणाचा आसता."

"ता माका म्हणूचा नाय."

सगळे थांबले. खरखर चालूच होती. कावळा ओरडत होता.

मग... मशीनमधून दोर सुटत गेल्यासारखा लांब आवाज आला. आणि खोल कुठेतरी, पाण्यात जड काही पडल्याचा.

बस्स.

साहेब त्याच संध्याकाळच्या गाडीने गेला. बिल त्याने कधीच पाठवलं नाही. शेवंतीने घरी जाताना परशुरामला सांगितलं, "उद्या भटाक बोलवा."

मशिनं जुळली. नवी लाँच बोलायची, किनारा ऐकायचा, किनारा बोलायचा, लाँच ऐकायची. तो आवाज पुन्हा आला नाही. फक्त बाबली सांगायचा, की खडकांच्या अलीकडे एका जागी लाँच आपोआप जराशी वळते. कोणी नांगरलेल्या होडीला बगल द्यावी तशी. तिथे काहीच नसतं.

पुढे मशीन जुनं झालं, सोसायटीने भंगारात काढलं. परशुराम ते घरी घेऊन आला. तारा नाहीत, बॅटरी नाही. तरी म्हातारपणापर्यंत रोज दुपारी पेज जेवून तो त्याच्यासमोर बसायचा. घरातलं कोणी हसलंच तर म्हणायचा, "वयनीन ओव्हर म्हटल्यान. पाळी त्याची आसा."

तो गेला. शेवंती त्याच्याही आधी गेली. मशीन आमच्या माळ्यावर आहे. आमच्याकडे क्रिकेट बघतानासुद्धा कोणी 'आउट' म्हणत नाही, 'गेलो' म्हणतात. पाहुण्यांना वाटतं आम्ही गावंढळ आहोत. वाटू दे.

पण यंदा मे महिन्यात परड्यात, त्या पांढऱ्या खांबाच्या पायथ्याशी, दुसऱ्या माडाच्याच जागी, एक माड आपोआप रुजलाय. कोणी लावलेला नाही. आता माणसाच्या गुडघ्याएवढा आहे.

माड वाढायला वर्षं लागतात.

तो उपटावा की राहू द्यावा, हे घरात अजून कोणी बोललेलं नाही. दुपारी सगळे आडवे झाले, की वर माळ्यावर... आम्ही ऐकत असतो.