काउंटचं दुसरं घर

मच्छर येत असतील तर येऊ देत, ऋचा, पण बाल्कनीतला दिवा बंदच राहू दे. राजस, तूही ऐक. सांगतो. धैर्यशील कानविंदे दोन वर्षं आमच्याकडे इथेच, सिंगापुरात, बुओना व्हिस्टाच्या या फ्लॅटमध्ये, मधल्या खोलीत राहायचा. त्या रात्री तो परत आला तेव्हा दार मीच उघडलं होतं.

धैर्यशील युनिव्हर्सिटीत पोस्टडॉक होता. विषय इतिहास, आणि रशियन पुण्यातच उत्तम शिकलेला. त्या रशियनमुळेच त्याची वेरा आंटीशी ओळख झाली. पाया लेबारला एका जुन्या ब्लॉकमध्ये नवव्या मजल्यावर एकटी राहणारी शहाऐंशी वर्षांची बाई. आई चिनी, शिवणकाम करणारी. बाप काउंट आंद्रेय लादोगिन. रशियात क्रांती झाली तेव्हा जहागीर तिथेच टाकून पळालेला. बायकोमुलं पॅरिसला पोचली, हा हार्बिन, शांघाय करत करत सिंगापूरला आला, आणि इथे त्यानं दुसरं घर केलं. गुपचूप. अंधार पडल्यावर यायचा, उजाडायच्या आत जायचा. शेजाऱ्यांना सांगायचं, घरमालक आहेत. पोरीनंही त्याला ‘सर’च म्हणायचं. ती बारा वर्षांची असताना तो वारला. मागे राहिली काही रशियन पत्रं. घरात ती कोणालाच वाचता येत नव्हती.

आंटीनं ती धैर्यशीलला दिली. म्हणाली, "माझ्याबद्दल कुठे काही लिहिलंय का, तेवढं बघ."

लिहिलं होतं. पॅरिसच्या बायकोला लिहिलेलं, पण कधी न पाठवलेलं पत्र होतं ते. ‘तुझ्या कानावर आलं ते खरं नाही. ती बाई माझी स्वयंपाकीण आहे. मुलगी तिची आहे, माझी नाही.’

धैर्यशीलनं आंटीला सांगितलं, शाई उडालीय, वाचता येत नाही. इथवर एक वेळ समजू शकतो आपण. पण पंधरा दिवसांनी त्यानं तेच पत्र सेमिनारमध्ये चाळीस लोकांपुढे पडद्यावर लावलं. शेजारी काउंटचा फोटो. ‘स्वयंपाकीण’ या शब्दाशी मुद्दाम जरा थांबला. लोक हसले. नंतर टाळ्याही पडल्या. घरी आला तो जेवलाच नाही. मला म्हणाला, "काका, फार हलकं काम केलं मी आज."

एकवीस नोव्हेंबर दोन हजार चोवीस, गुरुवार. सोमवारी आंटीला हृदयाच्या ऑपरेशनसाठी ॲडमिट व्हायचं होतं. त्याआधी पत्रं परत दे, असा तिचा निरोप आला. धैर्यशीलनं ठरवलं, पत्रांची पिशवी तिच्या बाहेरच्या लोखंडी जाळीच्या दाराला अडकवायची, बेल न वाजवता निघायचं. तिच्यासमोर उभं राहायचं तोंड नव्हतं त्याला. रात्री आठला इथून एमआरटीची गाडी पकडली. पावणेनऊला तो तिच्या ब्लॉकखाली होता.

लेटरबॉक्सपाशी एक गोरा म्हातारा उभा होता. उंच. पांढरा सुती कोट, गळ्यापर्यंत बटणं लावलेला. भिंतीकडे तोंड करून. धैर्यशील लिफ्टमध्ये शिरला, तसा तोही मागून आत आला.

"कितवा मजला?" धैर्यशीलनं इंग्रजीत विचारलं.

उत्तर रशियनमध्ये आलं. "तुम्ही जाल तिथे."

धैर्यशीलनं मान वळवली. डाव्या भुवईवर आडवा व्रण. हा चेहरा त्यानं स्वतः मोठा करून पडद्यावर लावला होता.

पाचवा मजला. सहावा...

"ते हसले," म्हातारा म्हणाला, "तेव्हा मी तिथेच होतो."

सातवा... आठवा...

दार उघडलं. धैर्यशील चालत सुटला. मागे पावलं वाजत नव्हती. पण कोणीतरी होतं. जाळीपाशी आल्यावर त्यानं पिशवी अडकवली.

बेल वाजली.

त्यानं वाजवली नव्हती.

आतलं दार उघडून आंटी जाळीमागे उभी राहिली. "काही वाचता आलं का रे?"

नाही म्हणायला त्यानं तोंड उघडलं, आणि मागून, अगदी कानाशी, आवाज आला, "वाचा."

त्यानं पत्र काढलं. एकेक ओळ इंग्रजीत करून सांगू लागला. ‘मुलगी तिची आहे’ इथे अडखळला.

"पुढे?"

"...‘माझी नाही.’"

आंटी जाळी धरून उभी होती. म्हणाली, "म्हणजे शाई उडाली नव्हती."

"नाही. मी खोटं बोललो. आणि हे मी लोकांपुढे वाचलं, आंटी. चाळीस लोकांपुढे."

"हसले?"

"हो."

"तू?"

"मीपण."

मागे कोणीतरी श्वास घेतला. मग रशियनमध्ये, तुटत तुटत, "खोटं... लिहिलं मी." आणि जरा थांबून, "वेरा आंद्रेयेव्ना."

आंटीनं मान वर केली. तिला ऐकू गेलं होतं.

"काय म्हणाले ते?"

"खोटं लिहिलं म्हणाले. आणि... तुमचं नाव घेतलं. वडलांच्या नावासकट. वेरा, आंद्रेयची मुलगी."

ती त्याच्या खांद्यावरून जिन्याच्या कोपऱ्याकडे बघत होती. "जुन्या घरीही असेच जिन्यात उभे राहायचे," ती म्हणाली. "शेजाऱ्यांचे दिवे विझेपर्यंत."

शेजाऱ्यांचे दिवे चालू होते. कोणाचा तरी टीव्ही लागला होता. आंटीनं जाळीचं कुलूप काढलं. जाळी सताड उघडली.

"सर..." म्हणाली. थांबली. ओठ हलले तिचे.

"पापा. आत या."

काहीच झालं नाही.

मग धैर्यशीलच्या खांद्याला गार काहीतरी घासून गेलं... त्यानं मागे पाहिलं नाही. लिफ्टसाठी थांबला नाही. नऊ मजले जिन्यानं उतरला.

दहाला मी दार उघडलं, तर समोर हा, अंगातलं रक्त गेल्यासारखा. पहाटेपर्यंत मला सांगत बसला. भीतीचं कमी बोलला, राजस. लाजेचंच जास्त. त्या पत्रावरचा आपला पेपर त्यानं मागे घेतला. सेमिनारला आलेल्या लोकांना एकेकाला लिहिलं की मी चुकलो. आंटीचं ऑपरेशन नीट पार पडलं. ती अजून आहे, हिंडतीफिरती आहे.

पण त्या रात्रीनंतर लगेच, शुक्रवारी सकाळी साडेआठला तिचा फोन आला. "लगेच ये." त्याची एकट्याची हिंमत होईना, म्हणून मी बरोबर गेलो.

दाराबाहेर, आंटीच्या सपातांशेजारी, पुरुषाचे बूट होते. पांढऱ्या चामड्याचे, तडे गेलेले, जुन्या धाटणीचे. नीट जोडून ठेवलेले. टोकं दाराकडे.

घरात दोनच खोल्या. आम्ही दोन्ही पाहिल्या. आंटीशिवाय कोणी नव्हतं.

बाहेर येऊन मी वाकलो, आणि उजव्या बुटात हात घातला.

ऊब होती आत... आत्ताच पाय काढल्यासारखी.