बोयींच्या पाण्यातलं उत्तर

ही गोष्ट खरी आहे. कुणाच्या कुणाकडून ऐकलेली नाही. माझ्या सख्ख्या मावशीच्या बाबतीत घडलेली आहे आणि तिच्या तोंडून मी ती निदान दहा वेळा ऐकली आहे. दहाही वेळा एक शब्द इकडचा तिकडे झाला नाही.

आणि हो, रात्र नव्हती. स्मशान नव्हतं. नोव्हेंबरातला रविवार होता, सकाळचे साडेसात. खाडीच्या तोंडाशी, उघड्या वाळूवर, जिथून रस्त्यावरच्या गाड्या ऐकू येतात अशा जागी हे घडलं.

मावशी शिवणकाम करते. बाजारात तिचं छोटं दुकान आहे, दोन मशीनं आणि एक इस्त्रीचं टेबल. तिच्या बोटांत जादू आहे असं गिऱ्हाइकं म्हणतात. पण तिचा खरा जीव मासेमारीत. तीही साधी नाही. लांब, लवचिक काठी. जाड पिवळी दोरी. दोरीच्या टोकाला केसासारखा बारीक तंगूस, म्हणजे नायलॉनचा धागा, आणि गळाला दोरे गुंडाळून केलेली खोटी माशी. ती दोरी डोक्यावरून पुढे-मागे झुलवायची आणि माशी अलगद पाण्यावर उतरवायची.

हे तिला शिकवलं तिच्या धाकट्या भावानं. म्हणजे माझ्या मामानं. तो हॉस्पिटलात एक्स-रे काढतो. लहानपणी गुटगुटीत होता म्हणून सगळे त्याला ढब्या म्हणायचे. आता पार वाळून गेलाय, पण नाव चिकटलं ते चिकटलंच.

दोघं दर रविवारी बोय धरायला जायचे. बोय म्हणजे महालाजाळू मासा. सावली पडली की पसार. तोंड इतकं मऊ की जरा जोरात ओढलं तर गळ सुटलाच. भरतीबरोबर त्यांचे थवे उथळ पाण्यात येतात आणि वाळूवरचं शेवाळ चाटत फिरतात. म्हणून मावशी हिरव्या दोऱ्याची, शेवाळासारखी दिसणारी माशी बांधायची.

तीन वर्षं बांधत होती. एकही बोय मिळाली नव्हती.

"ताई, त्यांना तुझी शिलाई पसंत नाही," ढब्या म्हणायचा.

त्या रविवारी रस्त्याकडेला गाडी लावून दोघं दगडी पायऱ्या उतरून वाळूवर आले. किनारा आणि वाळूचा पट्टा यांच्यामध्ये एक खोलगट चर आहे. ओहोटीला तिथे घोटाभर पाणी असतं. भरती आली की मात्र आधी तोच भरतो. म्हणजे पट्ट्यावर तुम्ही गुडघाभर पाण्यात मजेत उभे असता, आणि मागे परतीची वाट छातीभर बुडालेली असते. दोघांच्याही अंगात छातीपर्यंतच्या रबरी विजारी होत्या. त्यांत एकदा पाणी शिरलं की माणूस दगडासारखा खाली जातो.

चर ओलांडून दोघं पट्ट्यावर गेले. पन्नास-साठ पावलांचं अंतर ठेवून उभे राहिले.

आणि धुकं आलं.

आधी समोरचा किनारा गेला. मग पायऱ्या गेल्या. मग ढब्या दिसेनासा झाला.

"ताई! दर थोड्या वेळानं हाक मारत राहू!" तो ओरडला. "पाणी मांडीला लागलं की निघायचं!"

"बरं!"

तेवढ्यात तिच्यासमोर पाणी थरथरलं. बोयी आल्या होत्या. शंभर तरी असतील. काळसर पाठी, हळूहळू सरकणाऱ्या. तिनं दोरी झुलवली, माशी थव्याच्या पुढ्यात टाकली. एक बोय आली... माशी तोंडात घेतली... आणि थुंकली.

मावशी स्वतःशीच हसली. बाकी सगळं विसरली.

थोड्या वेळानं आठवण झाली.

"ढब्या! आहेस का?"

"आहे."

पुन्हा माशी टाकली. पुन्हा हुकली.

"आहेस का रे?"

"आहे."

उजवीकडून त्याच्या दोरीचा आवाज येत होता. सप्... सप्... सप्... बराच वेळ ती तो ऐकत होती. मग तिच्या लक्षात आलं, की दोरी हवेत झुलतेय, पण पाण्यावर पडतच नाहीये. एकदाही नाही.

"नुसतीच झुलवतोयस काय? टाक की!"

"आहे."

तिला वाटलं, चेष्टा करतोय.

"किती वाजले रे?"

"आहे."

आवाज ढब्याचाच होता. पण प्रत्येक वेळी सूर तोच. चढ तोच. आणि प्रत्येक वेळी तो थोडा अधिक लांबून येत होता. म्हणून तीही नकळत दोन-दोन पावलं त्या दिशेनं सरकत होती.

पाणी मांडीच्या वर आलं होतं.

"ढब्या, पुरे झाला चावटपणा. आई कुठल्या शाळेत शिकवायची, सांग."



सप् सप् थांबलं. रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाज थांबला. पाण्याचासुद्धा आवाज येईना.

मग तिनं खाली बघितलं...

बोयींचा थवा तिच्यासमोरून चालला होता. सगळ्या एका दिशेनं, शांतपणे. पण एका जागी थवा फाटत होता. पाण्यात काही नव्हतं. खांब नव्हता, दगड नव्हता. तळाची वाळू स्वच्छ दिसत होती. तरी बोयी त्या जागेला वळसा घालून जात होत्या.

जागा एक नव्हती. दोन होत्या. शेजारी शेजारी.

कुणी दोन पायांवर उभं असावं, तशा.

मावशी हलली नाही. तिला वाटलं, नजरेचा दोष असेल, रोज बारीक टाके बघून बघून डोळे शिणलेत.

मग डावीकडची मोकळी जागा एक पाऊल पुढे सरकली.

मग उजवीकडची.

तिच्या दिशेनं.

ती वळली आणि चालायला लागली. पळता येत नव्हतं, पाणी धरून ठेवत होतं. किनारा कुठे, काही कळेना. चालावं तर पाणी कमरेला. वळावं तर पुन्हा कमरेलाच. आणि कानाच्या अगदी मागून, हळू, समजुतीच्या सुरात...

"आहे."

काठी तिनं टाकून दिली.

आणि तेव्हाच लांबून, भलत्याच बाजूनं, हॉर्न ऐकू आला. त्यांच्या जुन्या गाडीचा, घसा बसल्यासारखा हॉर्न. थांबतच नव्हता. ती जिकडे निघाली होती, त्याच्या बरोब्बर उलट दिशेनं तो येत होता.

म्हणजे ती समुद्राकडे चालली होती.

ती वळली. वळायचं म्हणजे जे मागे होतं त्याच्याकडे तोंड करायचं. तिनं डोळे गच्च मिटले आणि हॉर्नच्या रोखानं चालत सुटली. चर लागला. पाणी छातीला आलं, काठावरून विजारीत शिरलं, पाय जड झाले. एकदा तोंडात खारट पाणी गेलं. मग पायाला दगड लागला. पायरी.

वर गाडीशी ढब्या होता. एक हात हॉर्नवरच. तिला बघून तो खालीच बसला. चेहरा पांढराफटक.

"तू... तू इथे कधी आलास?" तिनं विचारलं.

"पाऊण तास झाला! तुला ओरडून सांगितलं ना, पाणी चढतंय, मी निघालो, तूही ये म्हणून!"

"मी काहीच ऐकलं नाही."

"ऐकलं नाही काय? 'हो पुढे, आलेच' म्हणालीस की! पायऱ्यांवरून पाच वेळा हाका मारल्या मी. पाचही वेळा 'आलेच' म्हणालीस!"



"मी हाका मारत होते," ती म्हणाली. "आणि तू 'आहे' म्हणत होतास."

काठी पुढे कधी सापडली नाही.

लोकांनी नाना कारणं सांगितली. धुक्यात आवाज फिरतो. पाण्यावर प्रतिध्वनी येतो. भीतीनं कान वाजतात. मावशीनं सगळं ऐकून घेतलं. पण प्रतिध्वनी 'आलेच' म्हणतो का, याचं उत्तर कुणी दिलं नाही. फाटलेल्या थव्याबद्दल तर कुणी बोललंच नाही.

चार वर्षं गेली. माणूस विसरतो. एका दुपारी मामा दुकानात आला होता. मावशी ब्लाउजला काज करत होती. करता करता म्हणाली, "नवी काठी घ्यावी म्हणते. बोय राहूनच गेली."

मामानं टेबलावरची इस्त्री उगाच उभी करून ठेवली.

"जाऊ नकोस, ताई."

"अरे, आता धुकं असलं तर नाही जाणार."

"त्या दिवशी मी हॉर्न का वाजवला, ते तू कधी विचारलंच नाहीस."

"का म्हणजे? मला उशीर झाला म्हणून."

"नाही. तू 'आलेच' म्हणत होतीस, मग मी कशाला घाबरू? मी गाडीच्या बॉनेटवर बसून निवांत चहा पीत होतो." त्यानं घसा खाकरला. "तेवढ्यात तुझा आवाज आला. पाण्यातून नाही. मागून. रस्त्याच्या बाजूनं, इतका जवळून की श्वास मानेला लागला."

मावशीचा हात थांबला.

"काय म्हणाले मी?"

"म्हणालीस... 'ढब्या, तू घरी जा. हिला मी आणते.'"

दुकानात दुसरं कुणी नव्हतं. बाहेर भर दुपारचा रस्ता वाहत होता.

"'हिला' म्हणाली?"

"हिला."

मावशीनं सुई पिनकुशनला टोचली. काज अर्धंच राहिलं. मामा बाहेर आल्यावर शटर ओढलं, कुलूप लावलं.

दुकानाच्या वरच तिचं घर आहे. जेमतेम बारा पायऱ्या. इतकी वर्षं एकटी राहते, कधी कुणाला कसली गळ घातली नाही तिनं.

त्या दिवशी पहिल्या पायरीशी ती थांबली, आणि वर न बघता म्हणाली,

"ढब्या, दारापर्यंत सोडायला येतोस का रे?"