आज पाणी नाही

विलास भोईटे यांच्या घराची बेल दाबली की ती लगेच वाजत नसे. दाबणाऱ्याचा चेहरा आणि आवाज आधी दारपेटीकडे जाई. ओळख पटली तर आत बेल वाजे. नाही पटली तर बाहेरचा माणूस बटण दाबत राही आणि आत पेपर वाचत बसलेल्या भोईट्यांना काहीच कळत नसे.

त्या सकाळी नसीमा मुलाणी अशीच बराच वेळ उभी राहिली. शेवटी तिनं खिडकीचे गज वाजवले.

“काका, तुमची पेटी मला ओळखत नाही. आणि मी तिलाच बदलायला आलेय.”

“हाक मारायची ना मग.”

“हाकच मारतेय! ती तुमच्यापर्यंत पोचते कुठं?”

भोईट्यांनी हसत दार उघडलं. फलटणमध्ये आता सगळ्याच घरांची ही तऱ्हा होती. पूर्वी जिला राउटर म्हणत, तीच ही पेटी. पूर्वी तिच्यातून फक्त इंटरनेट यायचं. आता फोन, बेल, निरोप, सगळंच तिच्यातून येई. मोबाइल घेऊन तुम्ही बाजारात गेलात तरी तुमच्याशी बोलू पाहणाऱ्याला आधी घरची पेटी ओलांडावी लागे. हे सगळं उसन्या आवाजांमुळे झालं होतं. कुणाचंही मिनिटभराचं बोलणं मिळालं की यंत्र त्याच्या आवाजात वाटेल ते बोलू लागलं, तेव्हा लोकांनी आपापली घरं बंद करून घेतली.

नसीमानं जुनी पेटी भिंतीवरून उतरवली आणि नवी टांगली. भोईटे खुर्ची ओढून शेजारी बसले. नीरा कालव्यावर निरीक्षक म्हणून त्यांची नोकरी झाली होती. कुठलंही दार कसं चालतं हे पाहिल्याशिवाय त्यांना राहवत नसे.

“ही आत-बाहेर करते कसं, ते तरी सांग.”

“तुमचा फोन, टीव्ही, फ्रिज, प्रत्येकाला घरातला वेगळा पत्ता असतो. बाहेर मात्र सगळ्या घराला मिळून एकच. आतलं काही बाहेर निघालं की पेटी त्याच्यावरचा आतला पत्ता काढून घराचा लावते. त्याला आम्ही पत्तापालट म्हणतो. कुठल्या खोलीतून काय गेलं, ते ती लक्षात ठेवते. उत्तर आलं की बरोबर त्याच खोलीत सोडते.”

“आणि आतून कुणी काही विचारलंच नसेल तर?”

“तर आलेलं कुणासाठी, हे तिला कळत नाही. ते दारातच राहतं. आतून सुरू झालेल्या बोलण्याचं उत्तर तेवढं आपोआप आत येतं. बाकीच्यांसाठी नियम लावावे लागतात, ती झाली गाळणी. तुमचे जुने नियम मी आता इकडं आणते. पण नवी पेटी प्रत्येक नियमाला एक प्रश्न विचारते, त्याचं उत्तर तुम्ही द्यायचं. अडवलेलं गिळायचं की परतवायचं?”

“फरक काय?”

“परतवलं तर समोरच्याला कळतं की नाही म्हणाले. गिळलं तर काहीच कळत नाही. विहिरीत खडा टाकला आणि आवाजच आला नाही, तसं.”

तिनं हातातल्या पडद्यावरचे नियम वाचायला सुरुवात केली. प्लॉट विकणारे. गिळ. लकी ड्रॉवाले. गिळ.

“सोमंथळीचे साडू, दुपारच्या वेळी?”

“ते दुपारी झोपत नाहीत आणि मी झोपतो.”

“परतवू?”

“नको बाई. परतवलं तर का परतवलं म्हणून संध्याकाळी येऊन बसतील. गिळ.”

नसीमा हसली आणि खाली सरकली. मग तिचं बोट थांबलं.

“हा शेवटचा. आवाजाचा ठसा, अजिंक्य विलास भोईटे. कुठूनही, केव्हाही.” तिनं वर पाहिलं. “तुमचा मुलगा ना, काका?”

भोईट्यांनी मान हलवली. गावातल्या बहुतेकांना ती गोष्ट ठाऊक होती, नसीमालाही असावी. तीन वर्षांपूर्वी एका दुपारी त्यांच्या पत्नी शैला यांना अजिंक्यच्या आवाजात फोन आला. तो रडत होता, आपल्याला पकडून नेलंय म्हणत होता. शैलाताई चपला न घालताच स्टँडकडे धावल्या आणि रस्ता ओलांडताना एका टेम्पोनं त्यांना उडवलं. खरा अजिंक्य त्या वेळी ओमानमधल्या सोहार बंदरात, क्रेनवरची रात्रपाळी संपवून झोपला होता.

तो आला, त्यानं सगळे विधी केले. त्याचा दोष नाही हे भोईट्यांना समजत होतं. पण तो स्वयंपाकघरातून नुसतं “बाबा, चहा?” म्हणाला तरी त्यांच्या अंगावर काटा यायचा. निघायच्या दिवशी ते त्याला म्हणाले, “तू बोललास की मला तो फोन ऐकू येतो. मी बोलावीन तेव्हा बोल.” आणि त्याच आठवड्यात त्यांनी हा नियम लावून घेतला. पुढं नातेवाइकांनीही दोघांसमोर तो विषय काढणं सोडलं.

“आधीच्या पेटीत काय होतं? गिळ की परतव?” त्यांनी विचारलं.

“जुनीत निवडच नव्हती. ती सगळं गिळायची.”

“म्हणजे त्यानं फोन केला असेल, तर त्याला...”

“नुसती शांतता.”

“आणि मला?”

“तुम्हालाही काही नाही. गिळलेल्याची नोंद राहत नाही.”

भोईटे उठले, खिडकीपाशी गेले, परत येऊन बसले. त्यांची समजूत वेगळी होती. मुलगा फोन करील, पेटी त्याला नाही म्हणेल आणि आपल्याला तसं सांगेल, असं त्यांनी धरलं होतं. पेटीनं कधी काही सांगितलं नाही, तेव्हा त्यांनी मनाशी ठरवून टाकलं की त्यानं फोनच केला नाही. त्या ठरवण्यावर त्यांनी तीन वर्षं काढली होती.

“तुम्ही नोकरीत असताना आमचं शेत टेलला होतं,” नसीमा वायर गुंडाळत म्हणाली. “चारीच्या पार शेवटाला. आजोबा तुम्हाला लाखोली वाहायचे.”

“सगळेच वाहायचे.”

“पण म्हणायचे, पाणी देत नाही पण निरोप देतो, असला हा साहेब. पाणी सुटणार नसलं की तुमचा पाटकरी सायकल मारत यायचा.”

“यायलाच हवा. टेलच्या माणसाला वरचं दार दिसत नाही. दार बंद आहे, की कालवाच फुटलाय, की वरच्यानं पाणी पळवलंय, त्याला काय कळणार? तो बांधावर बसून राहतो. आज पाणी नाही, सुटलं की कळवतो, एवढं सांगितलं की...”

ते मध्येच थांबले. नसीमानंही वायर खाली ठेवली.

“परतव,” ते म्हणाले.

“आधी ऐकून घ्या, काका. गिळण्यालाही कारण असतं. उसन्या आवाजाचा ठसा अस्सल आवाजासारखाच असतो, पेटीला दोन्ही सारखेच. परतवलं की पलीकडच्याला कळतं, घरात माणूस आहे. ठगाला तेवढंच हवं असतं. मग तो सोडत नाही, रोज ठोठावतो. हा बारीक पिवळा दिवा पाहिलात? परतवलं की लुकलुकतो. ठग असला तर तो दिवा तुम्हाला बसू देणार नाही.”

“आणि तो असला तर?”

तिनं पडदा त्यांच्यापुढं धरला. “परतवताना एक ओळ पाठवता येते. तयार आहे ती ठेवू? ‘हे घर आपलं बोलणं स्वीकारू शकत नाही.’”

“नको. लिही, आज पाणी नाही. सुटलं की कळवतो.”

“हे त्याला कळेल?”

“सायकल मागितली तेव्हा हेच म्हटलं होतं. सहलीला पैसे मागितले तेव्हाही. घरात दुसरं उत्तर नव्हतंच. शैला चिडायची.”

नसीमा गेली. भोईट्यांनी आपली खुर्ची हळूहळू पेटीसमोर आणली. जेवण तिथंच, पेपर तिथंच. दिवा काही लागेना. एकदा तर पेटी बिघडली असावी म्हणून त्यांनी नसीमाला फोन केला. पेटी ठीक होती.

मग एका शुक्रवारी, ते शेंगा सोलत असताना, दिवा लुकलुकला. फक्त एकदा. मांडीवरचं सूप खाली घसरलं आणि शेंगा फरशीवर पांगल्या. निरोप गेला होता. कुणाकडं गेला, हे पेटी सांगू शकत नव्हती.

ते आता पुढच्या लुकलुकण्याची भीती बाळगून बसले. ठग असला तर तो उद्या येईल, परवा येईल. शनिवार गेला, रविवार गेला. त्यापुढचा आठवडाही गेला. दिवा पुन्हा लागला नाही.

त्यांनी नसीमाला बोलावून विचारलं.

“ठग कंटाळलाही असेल,” ती म्हणाली. “खात्रीनं नाही सांगता येत. पण घरात माणूस आहे हे कळल्यावर थांबलेला ठग मी अजून पाहिला नाही.”

“टेलची माणसं निरोप मिळाला की उठून घरी जायची,” भोईटे म्हणाले. “पुन्हा विचारायला येत नसत. कारण पाणी सुटलं की आम्ही कळवायचोच. एकदाही चुकलो नाही.”

“मग आता कळवावं लागेल, साहेब.” ती पहिल्यांदाच त्यांना साहेब म्हणाली.

“तो नियम काढून टाकावा लागेल ना त्यासाठी?”

“राहू द्या. फोन तुम्ही केलात तर त्याला नियम आड येत नाही. पेटीच्या लक्षात राहील की बोलणं या खोलीतून निघालं. त्याच्या पत्त्यावरून उत्तर आलं तर ती ते इथंच आणून सोडेल. आवाज कुणाचाही असो.”

आवाज कुणाचाही असो. भोईट्यांना तेच तर नको होतं. त्यांनी स्वयंपाकघराकडं पाहिलं. मग नसीमाला म्हणाले, “तू बस जरा. चहा मी करतो.” चहा झाला, तिचा पिऊनही झाला. त्यांच्या कपावर साय धरली, तेव्हा त्यांनी फोन उचलला आणि पाठ असलेला सोहारचा नंबर लावला. पेटीवरचा हिरवा दिवा लागला. बोलणं घराबाहेर पडलं होतं.

पलीकडून काही ऐकू येईना. रिंग नाही, नकार नाही.

भोईट्यांच्या मनात पहिल्यांदाच आलं, की सोहारच्या घरातही भिंतीवर अशीच एक पेटी असणार, आणि आपलाही आवाज कुणी तरी उसना घेतलेला असू शकतो. मुलाला त्या आवाजात काय काय सांगितलं गेलं असेल? त्यानंही एखादा नियम लावला असेल का? पत्तापालट होऊन त्यांचा फोन आता एका अनोळखी दारात उभा होता, आणि इतकी वर्षं कालव्याच्या वरच्या दारावर बसलेला माणूस पहिल्यांदा टेलला आला होता.

त्यांनी फोन कानाशी घट्ट धरला. ही शांतता गिळल्याची होती, की पलीकडं कुणी तरी बोलण्याआधी श्वास घेत होतं?