पुसली जाणारी पावलं

"गोष्ट सांगा काका, पण ट्रू हवी," रश्मी म्हणाली आणि खाली सोडलेले पाय तिनं पलंगावर ओढून घेतले. आखातातल्या उम्म अल हस्सम भागातल्या फ्लॅटमधले दिवे मालवले होते.

"खरीच आहे," यादवराव म्हणाले. "आमच्या ऑफिसातल्या शिवदासची."

साल चौऱ्याण्णव. नोव्हेंबरातला पहिला गुरुवार, अमावास्या. शिवदास झिंजला खोली घेऊन एकटाच राहायचा. बायकोचा, जागृतीचा व्हिसा काही लागत नव्हता. त्या दुपारी साहेबाचा फोन आला. चष्मा गोल्फच्या मैदानावर राहिलाय, सातव्या झेंड्यापाशी. पहाटे विमान आहे. "यल्ला शिवदास, जाऊन ये पटकन!"

मैदान पार दक्षिणेला, समुद्राला लागून. इंग्रजांच्या काळातलं, गवताची काडी नसलेलं. झेंड्याभोवती नुसती वाळू. खेळ संपला की शेवटच्यानं पावलांचे ठसे झाडून टाकायचे, ही तिथली रीत. बाकी सगळी खारी दलदल. वरून कोरडी दिसते, पण पाय चुकला की माणूस मांडीपर्यंत आत. गाडी कडेला लावून शिवदास उजेडात जपून गेला. परतताना आपल्याच पावलांवर पाऊल ठेवून यायचं, असं त्यानं ठरवलं होतं.

चष्मा सापडेपर्यंत अंधार पडला. त्यानं बॅटरी लावली आणि वळला.

चार-सहा पावलं दिसली. पुढं जमीन सपाट. झाडलेली.

वारा नव्हता.

खर्र... खर्र...

"कौन है भाई?"

खर्र...

मागं पाणी वाजलं. उधाणाची भरती. दलदल भिजली की संपलंच.

"भाई, मत पोंछो!" मग तोंडात मराठीच आली. "अहो, पुसू नका हो! घरी जायचंय मला..."

खर्र... आता जवळ.

शिवदास विहारात जाणारा, भूतबित न मानणारा. तरी रात्री अनोळखी जागी कुणाला 'चला' म्हणू नये, एवढं आईनं त्याला शिकवलं होतं. त्या वेळी ते आठवलं नाही.

"मीही एकटाच आहे हो. यायचं तर चला माझ्याबरोबर. पण वाट राहू द्या."

आवाज थांबला.

त्यानं बॅटरी खाली धरली. पावलं होती. त्याचीच, बुटांची. थेट गाडीपर्यंत.



"मग?" रश्मीनं हळूच विचारलं. "एकटाच आला ना तो?"

"झिंजपर्यंत त्यानं उजवीकडच्या सीटकडं मान वळवली नाही. बिल्डिंगखालच्या दिव्यापाशी गाडी थांबवली, तेव्हा कुठं बघितलं. शेजारची सीट रिकामी होती..."

"ओके. दॅट्स ऑल?"

"तिचा पट्टा लावलेला होता. आणि तो सीटला टेकला नव्हता, पोरी. माणूस बसल्यावर जेवढा पुढं राहतो... तेवढा पुढं होता."