छत्तीसच्या आकड्याची कमान

"सोड! आता आधार सोड!" कळलावी ओरडली.

पहिलवानाने अर्धगोल लाकडी आधाराखालची पाचर उपसली. आधार बोटभर खाली बसला, आणि त्याच क्षणी कमान उजवीकडे कलली! ज्याच्या भरवशावर साच्यात प्लास्टर ओतून घडवलेले उरलेले आठ दगड उभे राहायचे, तो मधला कळीचा दगड करकरत निसटू लागला.

"ठोक! पाचर परत ठोक!"

कमान कशीबशी सावरली. तिघांचेही चेहरे प्लास्टरच्या भुकटीने आणि भीतीने पांढरेफटक झाले होते. हे तिसऱ्यांदा घडत होते, आणि घड्याळात साडेतीन वाजले होते.

चार वाजता संस्थेच्या अध्यक्षीणबाई येणार होत्या. मुलांना सुटीत चिखल कालवायला लावून प्राचीन वास्तुकला शिकवता येत नाही, असे त्यांचे ठाम मत होते. मुलांनी घडवलेली कमान चुन्यावाचून उभी राहील, न राहिल्यास हा वर्ग कायमचा बंद करा, असा शब्द वर्ग घेणाऱ्या शिल्पकार बाईंनी त्यांना दिला होता. बाई त्यांना आणायला निर्धास्त मनाने गेल्या होत्या. कारण काल ही कमान खरोखरच उभी होती! मात्र आज फरशी धुण्यासाठी व्यवस्थापककाकांनी कोणालाही न विचारता ती उतरवली होती.

"दगड तेच, आधार तोच, मग बिघडलं काय?" चष्मिस रडकुंडीला आली.

कळलावीने एका दगडावर तळवा टेकला. "हे ओले कसे? काका, तुम्ही दगड पुसलेत?"

"मग! खडूने गिरबटून ठेवले होते. लख्ख केले!" काका अभिमानाने म्हणाले. "आणि आता हा पसारा उचला. इथे मी कुंड्या मांडतो."

कोणता दगड कुठे, हे दाखवणाऱ्या त्या खुणा शिल्पकार बाईंनी केल्या होत्या! पण ओरडून काय उपयोग? कळलावीने आवाज गोड केला. "काका, अध्यक्षीणबाईंची खुर्ची डगमगते हं. त्या बसल्या आणि..."

"अरे देवा!" काका धावत सुटले.

"खडू गेला तर गेला," पहिलवान म्हणाला. "आपण साच्यात कोरलेले आकडे दगडांवर उमटलेत ना! त्यांच्याच क्रमाने तर रचतोय."

"मग तुझाच सहावा दगड वाकडा असणार!"

"आणि तुझा तिसरा काय सोन्याचा?"

"पुरे!" चष्मिसचा आवाज फुटला. "वीस मिनिटं उरलीत, वर्ग बुडतोय, आणि तुमचा आपला छत्तीसचा आकडा!"

कळलावीने हवेत बोटाने आकडा गिरवला.

"छत्तीस... तीन आणि सहा, पाठीला पाठ लावून..." ती पुटपुटली. "अरे, साच्यातला आकडा दगडावर उलटा उमटतो! उलट्या पाचला आपण किती हसलो होतो! पण उलटा तीन कसा दिसेल?"

"सहासारखा!" पहिलवान किंचाळला. "आणि माझा सहा, तीनसारखा!"

कळीच्या शेजारचे दगड रुंद आणि त्यांच्या खालचे अरुंद घडवले होते. दोन दगडांची जागा बदलली, की सारा तोल गेलाच! तिघांनी कमान पुन्हा रचली. शेवटचा दगड बसला, तेव्हा दाराशी पावले वाजत होती.

पाचर निघाली. आधार खाली आला. खट्ट! दगड एकमेकांवर रेलले... आणि स्थिर झाले!

अध्यक्षीणबाईंनी कमान निरखली. त्यांच्या कपाळावर आठी पडली. "तीनच्या जागी सहा? या मुलांना साधे आकडे येत नाहीत?"

शिल्पकार बाईंचा चेहरा उतरला.

"बरोबर आहेत!" कळलावी आणि पहिलवान एका सुरात म्हणाले. या दोघांचे एकमत होण्याची ही पहिलीच वेळ! मग घडला प्रकार एकाने सांगितला, दुसऱ्याने मध्येमध्ये दुरुस्त केला. व्यवस्थापककाका हळूच खुर्चीमागे सरकले.

अध्यक्षीणबाईंनी कळीच्या दगडावर दोन्ही तळवे टेकून भार दिला. कमान तसूभरही हलली नाही.

"हे पुस्तकातून कळलं नसतं," त्या सावकाश म्हणाल्या. "शाबास! बाई, पुढच्या सुटीत माझं नाव घाला. मलाही एक दगड घडवायचाय."

"जरूर घडवा," कळलावी म्हणाली, "पण आकडा उलटा कोरा हं!"