वडनेरचा आओ याय

जामच्या स्टँडवर हिंगणघाटची गाडी लागली तेव्हा काजलच्या हातात कापडाचं एवढं मोठं गाठोडं होतं, की तिला स्वतःचे पायसुद्धा दिसत नव्हते. समुद्रपूरला शिकवणाऱ्या बहिणीच्या शाळेतल्या मुलींचे झगे शिवायचं काम घेऊन ती तिथून परत निघाली होती. गाडीत गर्दी. खिडकीजवळची एक जागा मात्र मोकळी वाटली. काजल गाठोड्यासकट तिथं टेकली आणि खालून 'कट्' असा आवाज आला...

कोणीतरी पापडावर बसावं तसा.

ती दचकून उठली. सीटवर एक टोपी होती. वाळल्या पानांची, पिवळसर, धान्याच्या राशीसारखी वर निमुळती होत गेलेली. एका बाजूची बांबूची कडी मोडून आत वळली होती.

"मले माफ करजो," मागून कोणीतरी म्हणालं.

काजल वळली. हातात चहाचा कप धरून एक सडपातळ तरुण उभा होता. चेहरा इकडचा नव्हताच. डोळे बारीक, केस सरळ, कपाळावर आलेले. आणि बोली थेट समुद्रपूर तालुक्याची! टोपी मोडली तिनं, आणि माफी मागत होता तो.

मग गाडी सुटली आणि हळूहळू उलगडा झाला. त्याचं नाव तुआन. तो व्हिएतनामचा, ह्वे नावाच्या नदीकाठच्या शहरातला. हिंदी शिकायला वर्ध्याला आलेला. होस्टेलमधल्या मित्रानं त्याला सांगितलं होतं, एसटीत जागा धरायची तर सीटवर रुमाल टाकायचा. रुमाल नव्हता, म्हणून त्यानं टोपी टाकली. वऱ्हाडीही त्याच मित्रानं शिकवली होती, आणि माफी मागायचं वाक्य सगळ्यात आधी.

काजलला फार वाईट वाटलं. पण वाईट वाटण्यापेक्षाही तिला त्या टोपीचं नवल वाटत होतं. तिनं ती उलटीसुलटी करून पाहिली. बांबूच्या बारीक कड्या एकाखाली एक, त्यांवर पानं, आणि सगळ्यांतून धावलेला केसासारखा दोरा. टाके इतके सारखे, की हे हातानं शिवलंय यावर तिचा विश्वास बसेना.

"उजेडात धरा," तुआन म्हणाला.

तिनं टोपी खिडकीपाशी धरली. उतरतं ऊन पानांतून आरपार आलं, आणि पानांच्या दोन थरांमध्ये लपलेलं चित्र उमटलं... एक पूल, खाली नदी, शेजारी अक्षरांच्या दोन ओळी. ती कविता होती. काय लिहिलंय, काजलनं विचारलं.

"नदी हाय. पूल हाय. कोणीतरी वाट पाहून राह्यलं." तो थोडा थांबला. "बाकीचं आम्हाले हिंदीत अजून शिकवलं नाई."

काजलनं खिडकीबाहेर पाहिलं. कपाशी वेचून झालेली शेतं मागं पळत होती. तिला हसू आवरत नव्हतं.

टोपी दुरुस्त करून द्यायचं तिनं कबूल केलं. हिंगणघाटला तिचं छोटंसं शिवणकामाचं दुकान होतं. ब्लाउज, पंजाबी ड्रेस, शाळेचे गणवेश. तुआनला जायचं होतं त्याच्याही पुढं, वडनेरला. काजल चकित झाली. वडनेर तर तिचंच गाव. तिथल्या विहाराला व्हिएतनामच्या उपासकांनी बुद्धमूर्ती दिली होती, आणि माघ पौर्णिमेला ते लोक स्वतः येणार होते. विहार समितीच्या बंडूजींनी त्या दिवशी काय कार्यक्रम करावा हे विचारायला तुआनला बोलावलं होतं.

पुढच्या रविवारी तो दुकानात आला तेव्हा टोपीची कडी बदललेली होती. बुरडाकडून काजलनं बांबूची काडी आणली होती आणि टाके स्वतः घातले होते. तुआननं टोपी डोक्यावर ठेवून आरशात पाहिलं. मग खुर्ची ओढून बसला आणि म्हणाला, की बंडूजींचं आणि त्याचं ठरलंय. गावातल्या मुलींनी व्हिएतनामचे कपडे घालून दाखवायचे, जुन्या काळापासून आजपर्यंतचे. फक्त शिवणार कोण, ते ठरायचं होतं.

"कपड्याचं नाव काय?" काजलनं विचारलं.

"आओ याय."

"आओ म्हणजे या?"

"नाई. आओ म्हणजे अंगात घालायचा कपडा. याय म्हणजे लांब." आणि मग थोडं हळू, "पण तुम्ही म्हणसान तर... मी येईन."

काजलनं कात्री उगाचच दुसऱ्या बाजूला ठेवली.

तो येत राहिला. दर रविवारी. मोबाइलवर चित्रं दाखवायचा आणि काजल प्रश्न विचारायची. तिचे प्रश्न संपत नसत. सगळ्यात जुना अंगरखा गळ्यावर फुलीसारखा एकावर एक येतो, मग बटणं कधी आली? तुआननं सांगितलं, पावणेतीनशे वर्षांपूर्वी दक्षिणेच्या एका सरदारानं हुकूम काढला. आपली माणसं उत्तरेच्या माणसांहून वेगळी दिसली पाहिजेत, म्हणून पुढं बटणांचा अंगरखा आणि खाली पायजमा. पुढं एका राजानं साऱ्या देशातल्या बायकांना घागरा सोडून पायजमा घालायला लावला, आणि बायका फार रुसल्या.

हे काजलनं घरी आईला सांगितलं. अनुसयाबाई तुरीच्या शेंगा सोलत होत्या. वडील गेल्यापासून त्या आणि काजल दोघीच घरात. त्यांचा हात थांबला.

"माह्या आजीनंबी नेसणं बदललं होतं," त्या म्हणाल्या. "आखूड लुगडं सोडलं, हातातले जड गोट काढले. बाबासाहेबानं सांगतलं होतं का ओळखू येईन असं राहू नका. कपडा बदलला का माणूस ताठ चालते, पोरी." मग जरा वेळानं, "त्या पोराले एकदा जेवायले आणजो."

तो जेवायला आला. झुणका-भाकर खाल्ली, मिरचीच्या ठेच्यानं डोळ्यांत पाणी आणलं आणि पुन्हा ठेचाच मागितला. अनुसयाबाईंना तो आवडला, पण त्यांनी ते दाखवलं नाही.

सगळ्यात जास्त काजल अडकली ती पाच पट्ट्यांच्या अंगरख्यात. पुढं दोन, मागं दोन, आणि पुढच्या पट्ट्याखाली लपलेला एक. एवढे तुकडे कशाला जोडायचे? तुआननं सांगितलं, की जुने माग अरुंद होते, कापडाचा पन्हा छोटा. जोडल्याशिवाय अंगभर पुरायचंच नाही. पण लोक त्याचा वेगळाच अर्थ सांगतात. दोन पट्टे आपल्या आईबापाचे, दोन नवऱ्याच्या किंवा बायकोच्या आईबापाचे. आणि पाचवा, आतला, ज्याचा त्याचा.

काजल बराच वेळ त्या आतल्या पट्ट्यावरून बोट फिरवत राहिली.

नव्या आओ यायची बाही तिला जमेना. बगलेत चुणी पडायची. शेवटी तुआननं ह्वेला आईला व्हिडिओ कॉल लावला. त्याची आई लान तिथं हेच कपडे शिवायची. लाननं कॅमेऱ्यापुढं बाही धरली... शिवण खांद्यावरून नाही, गळ्यापासून तिरकी बगलेपर्यंत उतरत होती. साठ-सत्तर वर्षांपूर्वी सायगॉनच्या शिंप्यांनी काढलेली युक्ती. काजलनं लगेच खडूनं रेघ मारली. दोघी बायका दोन भाषांत बोलत होत्या आणि तुआन मध्ये फोन धरून 'बगल' या शब्दाचं भाषांतर करत होता. थोड्या वेळानं त्याच्या लक्षात आलं, त्याच्याशिवायही चाललंय. पुढं तर लान काजलच्याच फोनवर कॉल करू लागली.

थंडीच्या एका संध्याकाळी काजल पाचव्या अंगरख्याची, म्हणजे तुआनच्या स्वतःच्याच, काजबटणं करत असताना त्यानं एकदम विचारलं,

"पहिले तुम्ही मले तुआनभाऊ म्हणायच्या. आता भाऊ काऊन नाई म्हणत?"

काजलची सुई थांबली. "सवय गेली."

"आमच्याकडं बायको नवऱ्याले दादाच म्हणते," तो शांतपणे म्हणाला. "खरंच. भाषाच तशी हाय. म्हणून मी विचारलं... भाऊ गेला, हे चांगलं का वाईट?"

"तुमच्या देशात वाईट असन," काजल खाली मान घालून म्हणाली. "आमच्याकडं... बरं असते."

मग तुआननं, जणू विषय बदलायला, सांगितलं, की त्याचा अभ्यासक्रम उन्हाळ्यात संपतो. मे महिन्यात परत जायचं. काजल 'हो का' म्हणाली. पण त्या संध्याकाळी तिनं घातलेले टाके वाकडे गेले, आणि सकाळी ते सगळे उसवावे लागले. वडनेरच्या घरात एकटी आई, हिंगणघाटचं दुकान, आणि मध्ये एवढा मोठा समुद्र... तिनं स्वतःला बजावलं, की कपडे शिवायचे, पाहुणे आले की हसायचं, आणि झालं.

माघ पौर्णिमेला पाहुणे आले. विहारासमोर मांडव, दुपारचं सौम्य ऊन. वडनेरच्या मुली एकेक करून पुढं आल्या. फुलीच्या गळ्याचा जुना अंगरखा. मग चार पट्ट्यांचा, कमरेशी गाठ मारलेला, त्यावर परातीएवढी पसरट टोपी. मग पाच पट्ट्यांचा, डोक्याला गुंडाळलेलं काळं कापड. आणि शेवटी आजचा आओ याय, अंगाला बसलेला, वाऱ्यावर दोन्ही पट्टे उडवणारा, निमुळती टोपी सांभाळणारा. तुआन निळ्या अंगरख्यात उभा राहून हिंदीत एकेका कपड्याची गोष्ट सांगत होता. आता तिकडंही गाडीवर हेल्मेट घालतात आणि टोपी हँडलला लटकते, असं तो म्हणाला तेव्हा सगळा मांडव हसला.

काजल मागं उभी राहून फक्त बाह्यांकडं पाहत होती. चुणी पडली नव्हती.

पाहुण्यांमध्ये लानही होती. येणार असल्याचं तिनं कोणालाच, तुआनलाही, सांगितलं नव्हतं. कार्यक्रम संपताच ती तुआनला घेऊन विहाराशेजारच्या खोलीत काजलकडं आली, मुलींच्या अंगावरची एकेक शिवण तिनं बोटानं तपासली आणि मान डोलावली. मग मुली बाहेर गेल्यावर काजलच्या गळ्यातला टेप काढून घेतला आणि तिचंच माप घ्यायला सुरुवात केली. गळा, खांदा, दंड, मनगट... माप घेता घेता ती एक लांबलचक वाक्य बोलली.

"आई काय म्हणून राह्यल्या?" काजलनं विचारलं.

"खांदे सरळ ठेव म्हणते."

"एवढं लांब वाक्य... खांद्याचं?"

तुआनचे कान लाल झाले. दिवसभर शेकडो माणसांपुढं न अडखळलेला तो खिडकीबाहेर पाहू लागला.

"ती म्हणते, लाल रेशीम आणलं हाय. आमच्याकडं लग्नाले लाल घालतात."

"कोणाच्या लग्नाले?"

"ते... मले सांगायचं होतं." आता तो तिच्याकडं वळला. "मी आईले सांगतलं, तुले नाई सांगतलं. आधी तुलेच सांगायले पायजे होतं. मले तू आवडते, काजल. मे महिना मले नको वाटते."

'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, ते तिला कळलं, आणि तिनं ते दुरुस्त केलं नाही.

"मलेबी नको वाटते," ती म्हणाली. आवाज तिचाच होता, पण तिला तो नवा वाटला.

तेवढ्यात अनुसयाबाई चहा घेऊन आत आल्या. तिघांचे चेहरे पाहून त्यांनी ट्रे खाली ठेवला. काय चाललंय, त्यांनी विचारलं. आता सांगायची पाळी काजलची होती. तिनं एकदम सगळं सांगून टाकलं. रेशीम, लग्न, आणि आपण काय म्हणालो तेही.

अनुसयाबाईंनी लाल कापडाकडं पाहिलं. "आपल्या बौद्धांत नवरी पांढरी साडी नेसते," एवढंच त्या म्हणाल्या.

तुआननं ते आईला सांगितलं. लानचा हात टेपवरच थांबला. तिकडं पांढरं म्हणजे सुतकाचं. मग लान हळूच काहीतरी बोलली, आणि तुआनच्या चेहऱ्यावर हसू आलं. तिच्या शाळेत सगळ्या मुली पांढरे आओ याय घालून जायच्या, सायकलींवर, पुलावरून. पांढऱ्यात तिनं तिचे सगळ्यात चांगले दिवस काढले होते.

"मी आधी लग्नाले नाई येणार," काजल म्हणाली. सगळे तिच्याकडं पाहू लागले. "आधी शिकायले येईन. तुमच्या आईच्या मशीनपाशी बसीन, ह्वे कसं हाय ते पाहीन. मंग परत येऊन आईले सांगीन. रंगाचं तेव्हा ठरवू."

तुआननं ते भाषांतर केलं. लाननं काजलचा चेहरा दोन्ही हातांत धरला. तिला हे उत्तर होकारापेक्षाही आवडलेलं दिसत होतं.

अनुसयाबाई मात्र अजून तुआनकडंच पाहत होत्या. त्यांनी त्याला जवळ बोलावलं आणि विचारलं, तुमचं ते गाव इथून किती दूर?

तुआननं मनाशी हिशेब केला. विमानात बसलं की साधारण पाच तास, आणि पुढं थोडं, असं तो भीतभीत म्हणाला.

अनुसयाबाईंनी चहाचा पहिला कप उचलून लानच्या हातात दिला. दुसरा तुआनच्या.

"मंग मुंबईपेक्षा जवळच हाय," त्या म्हणाल्या.