सगळ्यांना जागा आहे

सोमवारी दुपारी बारा वाजता रंगूबाईंनी इंटरनेट जोडायला आलेल्या सोनमच्या पुढ्यात चहाचा कप आदळला.

"तीन दिवस झाले गं. एवढ्यात आमच्याकडं विहिरीला पाणी लागतं. तुझ्या वायरीत इंटरनेट कधी शिरायचं?"

"आज शंभर टक्के, मावशी. तुम्ही टेन्शन नका घेऊ."

"टेन्शन मी घेत नसते. देते."

खोटं नव्हतं ते. नवरा, शहाजी, गेला तेव्हा दोन टेम्पो होते. चौथी शिकलेल्या या बाईनं जिभेच्या जोरावर त्यांचे अकरा केले. एकतीस वर्षं सगळा कारभार एपीएमसी मार्केटातल्या गाळ्यातून चालला. गेल्या आठवड्यात गाळा सोडला आणि नेरुळला, सारसोळे गावाच्या अलीकडं, नव्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर ऑफिस थाटलं. पांढरी फरशी, काचेचं दार, चार टेबलं, चार कॉम्प्युटर. मुलगा रणजीत, सून राजेश्वरी, नात वैष्णवी यांचे तीन. चौथा रंगूबाईंच्या टेबलावर, क्रोशाचं कव्हर घालून. तो त्यांनी एकदाही चालवला नव्हता. पण मालकिणीचं टेबल रिकामं दिसता कामा नये.

अडलं होतं ते एका कंपनीच्या कॅन्टीनपाशी. उद्याच्या भाजीच्या गाड्यांची यादी रोज चारच्या आत पाठवायची, तीही ऑफिसच्या नोंदलेल्या लाईनवरूनच. मोबाईलवरून पाठवली तर त्यांचं मशीन घेत नसे. लागोपाठ तीन दिवस चुकले की काम दुसऱ्याच्या पदरात. शनिवार चुकला होता. रविवार चुकला होता. अकरा ड्रायव्हरांच्या चुली या एका कामावर पेटत होत्या, आणि गाळा सोडायचा हट्ट रंगूबाईंचा होता. रणजीत तोंडानं काही बोलत नव्हता. त्याचंच त्यांना जास्त लागत होतं.

सोनम भिंतीजवळ मांडी घालून बसली होती. तिच्यासमोर आठ भोकांची काळी पेटी. चार कॉम्प्युटर आणि प्रिंटर मिळून पाच निळ्या वायरी पेटीत खोचलेल्या, आणि प्रत्येक वायरीपाशी एक हिरवा दिवा.

"पाच वायरी ना? मग दिवे सहा का गं?" रंगूबाई म्हणाल्या.

सोनमनं पाहिलं. सहाव्या भोकात काही नव्हतं. तरी दिवा लुकलुकत होता.

"पेटी खराब असेल."

"मग बदल की. आरती ओवाळायचीय का तिची?"

तिनं बॅगेतून दुसरी पेटी काढली. सीलबंद, कोरी. वायरी खोचल्या. पाच दिवे लागले. सोनमनं श्वास सोडला. मग सहावा लागला.

"वायरमध्ये कोणीतरी आहे, मावशी," लॅपटॉपकडं बघत ती म्हणाली. "म्हणजे मशीन. प्रत्येक मशीनला एक नंबर मिळतो. हे सहावं रणजीतदादांच्या नंबरवर येऊन बसतंय. एसटीत एका सीटवर दोघांचं रिझर्वेशन झाल्यावर कसं होतं? तसं. मग दोघंही बाहेर."

"कंडक्टर कोण? तूच ना? मग उतरव त्याला."

सोनमनं रणजीतला नवा नंबर दिला. रणजीतचं चालू झालं आणि राजेश्वरीचं बंद पडलं. तिला नवा दिला, तर प्रिंटर गेला. दोन वाजले. अडीच वाजले. खालच्या, वरच्या ऑफिसांत सोनम जाऊन आली. दोन्ही अजून कुलूपबंद होती, लाईनसुद्धा नव्हती.

"आत्याबाई, कसला वास येतोय?" राजेश्वरीनं विचारलं.

रंगूबाईंना तो मघाच आला होता. ओल्या गोणपाटाचा. त्यांनी एकही पोतं इकडं आणलं नव्हतं. त्या टेबलाखाली वाकल्या. पांढऱ्या फरशीवर कांद्याचं एक पातळ, लालसर पापुद्र्यासारखं साल पडलं होतं. त्यांनी ते उचललं आणि कोणाला न दाखवता पदराच्या टोकात बांधलं.

मग त्या सहाव्या दिव्याकडं बघत बसल्या. तो कसाही लुकलुकत नव्हता. दोनदा लागायचा, थांबायचा. परत दोनदा.

हा ठेका त्यांच्या ओळखीचा होता. गाळ्यावरचे हमाल पाठीवर पोतं घ्यायच्या आधी लोखंडी आकडा फळीवर असाच ठोकायचे. ठक ठक. म्हणजे, मी तयार आहे, द्या.

रंगूबाईंनी पदराची गाठ मुठीत धरली.

जागा सोडताना नावानं हाक मारायची, ही त्यांच्या आईची शिकवण. नदीवरून निघताना, यात्रेतून निघताना प्रत्येकाचं नाव घ्यायचं, चल म्हणायचं. नावानं बोलावलं की आपलं येतं. मोघम कधी बोलावू नये. गाळा सोडताना रंगूबाईंना हे माहीत नव्हतं असं नाही. पण टेम्पोला उशीर झाला होता, रणजीत फोनवर होता, डोकं सटकलं होतं. रिकाम्या गाळ्यात उभं राहून त्या ओरडल्या होत्या, "चला रे, कोण कोण मागं राहिलंय? चला सगळे! सगळ्यांना जागा आहे तिकडं!"

एकतीस वर्षांत त्या गाळ्यात किती माणसं जेवली, निजली, उन्हाळ्यात पोत्यांवर आडवी होऊन परत उठली नाहीत, ते कोणी मोजलं होतं?

साडेतीन.

"आजी, माझंही बंद पडलं," वैष्णवी म्हणाली.

तिचा आवाज लांबून आल्यासारखा वाटला. ती तीन हातांवर बसली होती. रंगूबाईंनी चष्मा पुसला. पोरगी फिकट दिसत होती, धुवट कापडासारखी.

"माझा नंबर दे त्याला," रंगूबाई म्हणाल्या.

"कोणाला, मावशी?"

"जो आलाय त्याला. मी कबूल केलीय जागा. माझी वायर काढ."

"आई, काय बोलतेस?" रणजीत उठला.

"तू बस. तुझं तोंड तीन दिवस बंद होतं, तसंच राहू दे."

सोनमनं चौथ्या कॉम्प्युटरची वायर उपटली.

सहावा दिवा लुकलुकायचा थांबला. शांत, हिरवा, लागून राहिला.

सगळं एकदम चालू झालं. तीन छप्पन्नला यादी गेली. प्रिंटरनं पोच छापली. राजेश्वरीनं देवाला हात जोडले.

"झालं!" सोनम हसली. मग तिनं परत लॅपटॉपकडं पाहिलं. "मावशी, यात तुमचं नाव अजून चालू दाखवतंय."

तिच्या हातात रंगूबाईंची निळी वायर तशीच लोंबत होती.

"दाखवू दे. तुझा चहा गार झाला, पी."

सहा वाजता रंगूबाई दारात उभ्या राहिल्या. या वेळी चूक नको. "रणजीत, चल. राजेश्वरी, चल. वैष्णवी, चल बाळा." तिघं एकेक करून बाहेर पडली, जिना उतरून गाडीकडं गेली.

रंगूबाईंचं नाव घेणारं कोणी नव्हतं. थोरल्यानं धाकट्याला हाक मारायची. "रंगू, चल," म्हणणारा शहाजी जाऊन चौदा वर्षं झाली.

त्यांनी आतले दिवे घालवले, कुलूप लावलं, ओढून बघितलं आणि खाली आल्या. मागचं दार उघडून वैष्णवीच्या शेजारी बसल्या.

वैष्णवीनं मोबाईलवरची नजर न काढता आपली सॅक शेजारी ठेवली. ती रंगूबाईंच्या मांडीवर आली. सॅकमध्ये डबा होता, भरलेली बाटली होती. वजन लागलं नाही.

रणजीतनं आरशात पाहिलं.

"आई अजून आली नाही?"

"अरे, हे काय, इथं—" रंगूबाई म्हणाल्या.

वैष्णवी खिडकीतून वाकून वर बघत होती. "येतेय, पप्पा. दिवे घालवतेय बघा."

तिसऱ्या मजल्यावरचा एक दिवा विझला. थांबून, दुसरा.

ऑफिसची एकुलती एक किल्ली रंगूबाईंच्या मुठीत होती.